पिवळ्या खांद्याचा बैल

हिवरखेडचं वावर आमच्या मुलानं, शेखरनं हाती घेतलं, ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली आणि आमचे देवीदासराव रिकामे झाले. रिकामा नवरा घरात असला की बाईचं डोकं उठतं. मी वैतागून म्हटलं, काहीतरी करा. तर हे अकोल्याहून स्क्रोल सॉ घेऊन आले. शिलाई मशीनच्या भावासारखं यंत्र. सुईच्या जागी दोऱ्याएवढं करवतीचं पातं वरखाली नाचतं आणि फळी आपण हातानं फिरवायची.

पहिला हत्ती कापायला घेतला, निघालं डुक्कर. पाती तुटली, ओसरीभर भुसा झाला, माझ्या पापडांवरही बसला. मी भांडले. पण यंत्रापुढे बसले की हे गुणगुणायचे, आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पोळा जवळ आला. दाराशी जोडी नसलेला हा आमचा पहिला पोळा. ह्यांनी नातीला, खुशीला, शब्द दिला की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्यात तिचा लाकडी बैल आबांच्या हातचा असेल, विकलेल्या ढवळ्यासारखा पांढराशुभ्र. पोरीनं शाळाभर सांगून टाकलं. बाजारातून दुसरा आणायचा नाही, असंही ठरलं.

शिंगं मोडली, पुन्हा कापली. शेवटी सागाच्या फळीतून बैल निघाला आणि मीही बघत राहिले. वशिंड थेट ढवळ्याचं! चाकं लावली. रंग पोळ्याच्या दिवशी द्यायचा होता.

आदल्या संध्याकाळी ह्यांनी लोणी-हळद मागितली. मी वाटी दिली आणि कामाला लागले. बाहेर येऊन बघते तर हे पळसाच्या पानानं लाकडी बैलाचे खांदे शेकत बसलेले.

"काहो, रंगाच्या आधी लोणी लावते काय कोणी?"

ह्यांचा हात थांबला. "ध्यानातच नाही आलं वं. दरवर्षी आज हेच करत आलो."

लोणी लाकडात मुरलं. दुसऱ्या दिवशी रंग काही केल्या खांद्यावर धरेना. पुसून, घासून पाहिलं, पांढरा रंग ओघळून अंगभर डाग पडले. शेवटी ह्यांनी सगळा रंग पुसूनच टाकला. खुशी खेळून आली आणि तिचे डोळे भरले.

"मले पांढरा पायजे होता. याची खांद कावून पिवळी हाय?"

"जू ओढून दुखते न बाई त्याची खांद. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी शेका लागते." ह्यांचा आवाज इतका पडलेला मी जोडी विकली तेव्हाच ऐकला होता.

खुशीनं त्या पिवळ्या खांद्यावरून बोट फिरवलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिनं स्वतःच बैलाला दोरी बांधली.

मारुतीच्या पारापुढे पोरांची रांग लागली होती. चमचमते, झुली घातलेले बैल. आमचा उघडाबोडका. शेजारच्या दामिनीच्या पोरानं हसून विचारलं, "तुया बैलाले रंग नाही काय?"

खुशीनं दोरी घट्ट धरली. "तुमचे बैल नुसते मिरवाचे हायेत. माया बैल वावरातून आला, काम करून."

हे पाराच्या कडेला उभे होते. फेटा सारखा करत राहिले. मला इतकं भरून आलं की घरी पोचताच मी आधी पुरणपोळी काढली, दारात बसले आणि लाकडाच्या त्या बैलाला ओवाळून पहिला घास त्याच्या तोंडाला लावला.