बापूंच्या सदऱ्याचं तिसरं बटण

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. आणि तरी माझ्याइतकी जुनाट वस्तू तुम्ही पाहिली नसेल. मी एक वेबसाइट आहे. सन दोन हजारमध्ये उज्जैनला, फ्रीगंजातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर माझा जन्म झाला.

माझे जन्मदाते भय्यासाहेब. वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या दरबारी दफ्तर सांभाळलं होतं म्हणे. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढणं रक्तातच. तेव्हा परदेशी मालाला देशाची दारं उघडून काही वर्षं झाली होती आणि टीव्हीवर साबण, पेस्ट, फटफट्यांचा पूर आला होता. लोक जाहिराती लागल्या की पाणी प्यायला उठत. भय्यासाहेब मालिका लागली की उठत.

"सूनबाई, ह्या साबणवाल्यांना एकदा शेजारी-शेजारी उभं करून विचारलं पाहिजे," ते एक दिवस म्हणाले. सून मधुरा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिने जाहिराती टेप केल्या, कॉम्प्युटरात उतरवल्या आणि मला घडवलं. डावीकडे एक जाहिरात, उजवीकडे दुसरी आणि खाली एकच प्रश्न: कोण कमी खोटं बोलतंय? लोकांनी मत द्यायचं. भय्यासाहेबांना खोट सापडली की ते शेरा लिहीत. मराठी अक्षरं तेव्हा परक्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसत, म्हणून मधुरा तो शेरा चित्रासारखा जाहिरातीवरच छापून टाकायची.

"बाबा, हे मग पुसता येणार नाही हं."

"पुसायचंय कशाला? लिहिलं ते लिहिलं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

माझं कौतुक झालं, फार झालं. टावर चौकातल्या सायबर कॅफेत लोक माझ्यासाठी खोळंबत. तीस सेकंदांची जाहिरात उतरायला इतका वेळ लागे, की एक गृहस्थ घोटून दाढी करून बसले आणि जाहिरात संपेपर्यंत त्यांना पुन्हा दाढी करावी लागली. खोटं वाटत असेल तर त्यांच्या हनुवटीला विचारा.

आणि मग बापू आले.

बापू म्हणजे भय्यासाहेबांचे शाळेपासूनचे सोबती. गावाबाहेर एका शेडमध्ये 'बगुला छाप', म्हणजे बगळ्याच्या चित्राची, कपड्यांच्या साबणाची वडी बनवायचे. नऊ बायका तिथे कामाला होत्या. परदेशी पावडर आली आणि वड्या दुकानांतून परत येऊ लागल्या. शेवटचा उपाय म्हणून बापूंनी केबलवर जाहिरात दिली. तीत काम करणारेही तेच. चिखलानं भरलेला सदरा बादलीत बुचकळायचा, पुढच्या क्षणी पांढराशुभ्र सदरा घालून हसायचं.

"भिया, त्या पावडरीच्या शेजारी मला उभं कर," भय्याचं माळवी 'भिया' करत ते म्हणाले. "ह्या महिन्यात माल उठला नाही तर भट्टी थंड समज."

"उभं करीन. पण पक्षपात होणार नाही, बापू."

"अरे यार, तो मागतोय कोण?"

पहिल्या चार दिवसांत बापूंना इतकी मतं पडली की पावडर लाजून पिवळी पडली असती. पाचव्या दिवशी भय्यासाहेबांनी ती जाहिरात नीट पाहिली आणि खुर्चीत ताठ झाले. पांढऱ्या सदऱ्याचं तिसरं बटण तपकिरी होतं; चिखलातल्या सदऱ्याचं नव्हतं. बापूंच्या नातवाच्या मुंजीत तो सदरा भय्यासाहेबांनीच आहेर म्हणून दिला होता. शिंप्याकडची पांढरी बटणं संपली होती आणि त्यावरून दोघं पोट धरधरून हसले होते.

"बाबा, राहू द्या ना," मधुरा म्हणाली. "घरचं माणूस आहे."

"म्हणूनच नाही."

आणि बापूंच्या छातीवर शेरा उमटला: 'हा सदरा धुतलेला नाही. नवा आहे. मीच दिलेला.'

पावडरवाल्यांच्या एजंटाने तो कागदावर छापला, हिंदीत उतरवला आणि किराणा दुकानांत वाटला. आठवड्यात सगळा माल परत आला.

बापू जिना चढून आले. बसले नाहीत.

"भय्या, धुतलेला सदरा ओला होता. कॅमेरावाला घाई करत होता. घरात कोरा एकच होता, तुझा. तो घातला. वडी घरी नेऊन एकदा कपडा धुऊन तरी बघायचास!"

भय्यासाहेबांनी खुर्ची पुढे सरकवली.

"आणि त्या पावडरीतल्या बाईच्या अंगावरची साडी? ती कुणी दिली, ते लिहिलंस का?"

कसं लिहिणार? त्या बाईला ते ओळखत नव्हते. मित्रांनो, माझी सगळी तुलना इथेच मेली. ज्याचं बटण ओळखीचं, तोच सापडला.

भट्टी विझली. नऊ बायका घरी बसल्या. बापू मुलीकडे भोपाळला गेले, पुन्हा कधी उज्जैनला आले नाहीत आणि तीन वर्षांनी तिथेच वारले. मग भय्यासाहेब मधुराला म्हणाले, "ती ओळ काढता येईल का ग?" तिने सगळं घर शोधलं. मूळ टेपवर कधीच दुसऱ्या जाहिराती भरल्या गेल्या होत्या. ओळीसकट जे होतं, ते फक्त माझ्यापाशी.

त्यानंतर रोज दुपारी ते माझ्याकडे येत. हसते-बोलते बापू साऱ्या जगात एवढेच उरले होते. जाहिरात सुरू झाली की भय्यासाहेब काचेवर पंजा ठेवत. ओळ झाकली जाई, तिसरं बटण झाकलं जाई, वर बापूंचा हसरा चेहरा तेवढा राही.

आता तो पंजाही येत नाही. मधुरा पुण्याला गेली. मी मात्र दूरदेशीच्या कुठल्याशा यंत्रात, फुकटच्या जागेवर, तोच प्रश्न विचारत पडले आहे. कधी चुकून माझ्यापर्यंत पोचलात, मित्रांनो, तर मत देऊ नका. मतं पुष्कळ झाली. त्या ओळीवर तेवढा हात ठेवा. तीस सेकंदच लागतात.