झंकारानंदांची तार

सूर्यकांतअण्णांच्या जयनगरातल्या हॉलमध्ये त्या गुरुवारी मुंगीलाही वाट मिळाली नसती. चपलांचा ढीग गेट ओलांडून रस्त्यावर गेला होता. खिडक्यांच्या गजांना धरून माणसं लोंबकळत होती. श्रीरंग आईला सोडून लगेच परतणार होता, पण मागून आलेल्या लोंढ्यानं त्याला आत ढकललं आणि तो थेट खांबाला टेकला. बोम्मसंद्र्याच्या पंपाच्या कारखान्यात विक्री बघणारा हा इंजिनियर, मनात नसताना सत्संगात सामील झाला.

समोर उंच चौरंगावर, भगव्या रेशमी वस्त्रावर, एक काळा लॅपटॉप बसला होता. बसला होता असंच म्हणायला हवं, कारण त्याला मोगऱ्याचा हार होता, कपाळावर भस्म होतं आणि पुढ्यात केळ्यांचा घड होता. शेजारी झंकारानंद स्वामी. आवाज मधाळ, दाढी काळीभोर.

"भक्तजनहो, बघा! प्लग आहे का?" स्वामींनी प्लग खोचायची रिकामी जागा दाखवली. "नाही! वीज नाही, तरी ज्योत तेवते आहे. सायन्सवाले म्हणतात, कॉस्मिक एनर्जी दिसत नाही. अरे, दिसत नाही म्हणून तर ती कॉस्मिक! दिसली असती तर तिची ट्यूबलाइट झाली असती."

लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी हात जोडले. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप त्यांतल्या बहुतेकांनी प्रथमच पाहिला होता.

सूर्यकांतअण्णांनी नेहमीची सूचना दिली. हे घरमालक, निवृत्त बँक अधिकारी. स्वामी आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर यजमानपणाचं तेज चढलं होतं. "शांत बसा. नादाच्या वेळी दुसरा नाद नको, म्हणून मी आपल्या फोनचं यंत्रसुद्धा काढून कपाटात ठेवलंय. स्वामींचे गुरुबंधू हयवदन महाराज आता यशवंतपूरच्या मठात ध्यानाला बसलेत. ते तिकडं बसल्याशिवाय वरचं दार उघडत नाही."

यातल्या शेवटच्या वाक्याचा शब्दन् शब्द खरा होता, हे श्रीरंगला फार नंतर कळलं.

आरती झाली. दिवे मंद झाले. आणि लॅपटॉपमधून एक लांब शिट्टी उमटली, पाठोपाठ चिरका, गुरगुरता, खरखरता आवाज. स्वामींनी माईक पुढे धरला. हॉल शहारला.

"अनाहत नाद!" स्वामी कुजबुजले. "जो दोन वस्तूंच्या आघाताविना उमटतो! धारवाडच्या कावेरीबाई कोण? पुढं या. तुमचे यजमान आलेत."

कावेरीबाई म्हणजे श्रीरंगची आई. वडील भगवंतराव जाऊन वर्ष होत आलं होतं. ती पदर सावरत पुढे गेली. पडद्यावर कागदासारखं पान उमटलं होतं, आणि त्यावर हातानं लिहिलेल्या ओळी. मागच्यांना ऐकू जावं म्हणून संदेश वाचायचं काम भीमाचार्यांकडे होतं. हे निवृत्त संस्कृत शिक्षक, खणखणीत गळ्याचे. त्यांनी चष्मा सरसावून सूर लावला:

"कावेरी, मी सुखात आहे. सुया टोचून देहाला दुखवू नकोस. स्वामींचा अंगारा पुरे आहे. तुझा, भगवंत."

श्रीरंग गर्दीतून वाट काढत पुढे झाला आणि त्यानं पान बघितलं. अक्षर बाबांचं होतं. 'क'चा तो खाली ओढलेला गळ, रेघ सोडून वर उड्या मारणाऱ्या वेलांट्या. कारखान्यात एक वायसर कमी पडला तरी कारण शोधणारा माणूस, त्या दिवशी कारण न शोधताच घरी आला.

घरी त्याची बायको सुखदा वाट बघत होती. ती पुण्याची, इथं एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं.

"अक्षर बाबांचं होतं, की बाबांसारखं होतं?"

"त्यात फरक काय?"

"फार आहे. आईंनी बाबांच्या हातचे कागद कुणाला दिले होते का?"

दिले होते. मागच्याच महिन्यात, पूजेला ठेवायला म्हणून, जुन्या पत्रांची पुडकी स्वामींकडे गेली होती. पण हा मुद्दा कावेरीबाईंपुढे काढताच त्या उसळल्या.

"तुम्हाला पुस्तकातलं कळतं. मला माझ्या माणसाचं अक्षर कळतं. अय्यो, पस्तीस वर्षं वाणसामानाच्या चिठ्ठ्या वाचल्यात त्याच्या!"

"आई, इन्सुलिन बंद करू नका हो. वाटलं तर अंगारा पण लावा, पण..."

"बेडा! एकदा नको म्हटलं ना त्यांनी? सरी, विषय संपला."

विषय संपला, मधुमेह संपला नाही. चपलेनं उजव्या पायाच्या बोटाला झालेली साधी जखम चिघळली. त्यावर अंगारा, मग अंगाऱ्यावर हळद. सुखदा रोज भांडायची. श्रीरंग मधे पडायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. ते पान त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना! 'नाही' म्हणायला तोंड उघडलं की त्या उड्या मारणाऱ्या वेलांट्या आठवायच्या.

याच सुमारास कारखान्यानं त्याला एक लॅपटॉप दिला. सोबत फॅक्स मोडेम कार्ड, म्हणजे फोनच्या लाइनवरून फॅक्स पाठवणारं आणि घेणारं. पत्त्याच्या पानाएवढं, बिस्किटाएवढं जाड. हुकूम असा, की गिऱ्हाइकांना दरपत्रकं आता घरूनही गेली पाहिजेत.

रविवारी सकाळी श्रीरंगनं आंघोळ करून कार्ड हातात घेतलं. लॅपटॉपच्या कुशीतल्या फटीत सरकवलं. यंत्र दोनदा किणकिणलं. त्यानं फ्लॉपी घातली, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना होकार दिला, कार्डाची बारीक तार भिंतीतल्या फोनच्या पॉइंटला जोडली आणि नंबर फिरवला. पडदा म्हणाला, मोडेम सापडत नाही. कार्ड काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. सापडत नाही. कार्ड जागेवर आहे हे दिसत होतं, त्याचं नाव यंत्राला माहीत होतं, आणि तरी सापडत नव्हतं. दुपारपर्यंत श्रीरंग नवस बोलण्याच्या बेतात आला होता.

शेवटी त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या शिवकुमारला घरी फोन लावला.

"सार, स्वल्प थांबा," शिवकुमार हिंदी-कन्नडची खिचडी करत म्हणाला. "त्या लॅपटॉपला इन्फ्रारेड आहे ना? ते आणि मोडेम एकाच पोर्टसाठी भांडतात. इन्फ्रारेड बंद करा. मग ए टी टाइप करा. ओके उत्तर आलं की झालं."

"इतकंच?"

"इतकंच सार. पूजा-बीजा काही नको."

इन्फ्रारेड बंद केलं. ए टी लिहिलं. खाली निमूटपणे ओके उमटलं. श्रीरंगला इतका आनंद झाला की त्यानं लगेच ऑफिसच्या फॅक्स मशीनचा नंबर लावला. टकटक नंबर फिरला, पलीकडे घंटी वाजली, आणि मग लॅपटॉपमधून लांब शिट्टी, पाठोपाठ चिरका, गुरगुरता, खरखरता आवाज.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. कावेरीबाई लंगडत बाहेर आल्या. ओल्या हातांनीच त्यांनी लॅपटॉपला नमस्कार केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"श्रीरंगा! आपल्या घरी! ते आपल्या घरी आले रे!"

श्रीरंगनं आईकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, मग भिंतीकडे गेलेल्या तारेकडे. मनात राग उसळायला हवा होता. पण त्याला आधी लाजच वाटली.

"आई," तो म्हणाला, "हा बोम्मसंद्र्याला फॅक्स चाललाय. तीन अश्वशक्तीच्या पंपाचं दरपत्रक आहे."

"काहीतरी बोलू नको. मी काय बहिरी आहे? तोच नाद!"

"तोच आहे. एक फॅक्स दुसऱ्याला ओळख विचारतो, त्याचा आवाज."

तिनं ऐकलं नाही. उलट, मुलाच्या यंत्रातही देव यायला लागला, असं शेजारी सांगून आली.

सुखदा मात्र खुर्ची ओढून बसली. "म्हणजे स्वामींच्या लॅपटॉपमध्येही असंच कार्ड आहे. हयवदन महाराज यशवंतपूरला फॅक्स मशीनपुढे ध्यान लावतात. आईंनी दिलेल्या पत्रांवरून अक्षर गिरवतात. पण कार्डाला फोनची लाइन लागते."

"आणि सूर्यकांतअण्णा फोनचं यंत्र कपाटात ठेवतात," श्रीरंग म्हणाला. "घंटी ऐकू येऊ नये म्हणून. लाइन त्यांचीच!"

सूर्यकांतअण्णांचा नंबर सत्संगाला येणाऱ्या अख्ख्या मराठी मंडळाला पाठ होता.

पुढच्या गुरुवारी आई लंगडत निघाली तेव्हा श्रीरंग तिच्यासोबत आपणहून गेला. सुखदा घरी थांबली. हॉल पुन्हा भरला. पुन्हा हार, भस्म, केळी. आरती संपत आली, आणि स्वामी अजून "आज एका तेजस्वी आजोबांचं..." म्हणताहेत तोच शिट्टी वाजली. स्वामी दचकले, पण मुरलेला माणूस.

"वाहवा! आज आजोबांना घाई झाली!"

पान उमटलं. अक्षरं वाकडीतिकडी, मोठाली. माउसनं चित्र काढायला बसलेल्या माणसानं काढावीत तशी. स्वामींचा हात झाकणाकडे गेला, पण भीमाचार्यांनी चष्मा लावून सूर धरला होता, आणि एकदा लागलेला त्यांचा सूर ब्रह्मदेवालाही थांबवता आला नसता.

"आई, मी सुखदा. हे आपल्या घरातून, आपल्या फोनवरून पाठवते आहे. वर कुणी नाही. कृपा करून इन्सुलिन घ्या..." त्यांनी चष्मा वर-खाली करून ओळ पुन्हा बघितली. "अं? सुखदा म्हणजे... ही तर हयात आहे!"

हॉलमध्ये एकच गिल्ला झाला. "पिशाच्च!" स्वामी गरजले. "हीन शक्ती मधे घुसली आहे! मी दार बंद करतो!" त्यांनी डोळे मिटून हात वर केले. तेवढ्यात लॅपटॉप पुन्हा किंचाळला. यशवंतपूरच्या हयवदनांना इकडची काय कल्पना? त्यांना इकडची लाइन आत्ता मोकळी मिळाली होती. ठरल्याप्रमाणे तेजस्वी आजोबांचं पत्र आलं: मला इथं बरं आहे, मठाच्या बांधकामाला हात आखडू नका.

"दार नीट लागलेलं दिसत नाही," कुणीतरी मागून म्हणालं, आणि त्या संध्याकाळी प्रथमच लोक स्वामींना हसले.

श्रीरंग पुढे झाला. त्यानं रेशमी वस्त्र उचललं. लॅपटॉपच्या कुशीत कार्ड होतं. कार्डाची तार चौरंगाच्या भोकातून खाली, सतरंजीखालून भिंतीपर्यंत गेली होती.

"अहो, हा तर माझ्या फोनचा पॉइंट!" सूर्यकांतअण्णा किंचाळले.

"तार केवळ निमित्त आहे," स्वामी म्हणाले.

"मग निमित्ताशिवाय बघू," श्रीरंगनं तार उपटली. "भीमाचार्य, तुम्ही कोपऱ्यावरच्या फोन-फॅक्सच्या बूथवर जा. मनात येईल ते कागदावर लिहा, कुणाला सांगू नका, आणि या घराच्या नंबरवर फॅक्स करा. लागला नाही तर बूथवाल्याला पुन्हा पुन्हा लावायला सांगा."

भीमाचार्य धोतर सावरत गेले. सगळे पडद्याकडे बघत बसले. लॅपटॉप मूग गिळून गप्प. बराच वेळ गेल्यावर श्रीरंगनं तार परत जोडली. थोड्याच वेळात शिट्टी वाजली आणि पडद्यावर आचार्यांचं टपोरं अक्षर उमटलं: 'रामः रामौ रामाः। बूथवाला सुटे पैसे देत नाही.'

"बघा," श्रीरंग म्हणाला. "मी काही मोठा विद्वान नाही. मीसुद्धा फसलो होतो. पण माझं ऐकून गप्प बसू नका. उद्या तुम्ही स्वतः फॅक्स करून बघा."

सगळ्यांचे डोळे स्वामींकडे वळले. स्वामींनी त्याच क्षणी मौनव्रत घेतलं. ते मौन इतकं कडक होतं की मागच्या दारानं रिक्षात बसतानाही त्यांनी भाड्याची घासाघीस हातवाऱ्यांनी केली.

परतताना कावेरीबाई दुखरा पाय सांभाळत रिक्षात बसल्या. जयनगरची दुकानं मागे पडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत."

श्रीरंगला खोटं बोलायचा फार मोह झाला. "नाही, आई," तो म्हणाला.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. घरी आल्यावर सुखदानं सुई भरली, त्यांनी मुकाट्यानं दंड पुढे केला. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. पायाचं ते बोट काढावं लागलं. पाय वाचला, आणि तो अंगाऱ्यानं वाचला नाही.

इस्पितळात मंडळातल्या बायका भेटायला आल्या. त्यांच्यातली ठकुबाई, तिचे गुडघे जन्माचे दुखरे, हळूच म्हणाली, "अक्का, तार होती हे खरं. पण अंगाऱ्यानं मला बरं वाटलं होतं बघा. आता ते स्वामी होसूर रोडला आलेत म्हणे. ताप उतरवतात."

श्रीरंग काही बोलणार, तोच कावेरीबाई उशीवर उठून बसल्या.

"ठकु, मी अडाणी नव्हते. एकटी होते. श्रीरंगच्या बाबांची आठवण यायची, त्या स्वामीनं नेमकी तिथंच पिन खुपसली. असल्यांना आपलं दुःख कुठं आहे ते बरोबर कळतं. तेव्हा दुःख झालं की रड, माणसात बस, पण डोळे मिटून कुणाच्या हाती जाऊ नको. कसं केलं, विचार. परत करून दाखव, म्हण. विचारलं म्हणून जो रागावतो, त्याच्याकडं लपवण्यासारखं काहीतरी असतं."

"मग गुडघ्याला लावू काय मी?"

"डॉक्टरांना विचार," कावेरीबाई म्हणाल्या. "आणि ते जे देतील ते का देतात, हेसुद्धा विचार."