डोणीतली फौज

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम येणार म्हणून नूतननं आदल्या दिवशीच अंगण फिनाईलनं धुऊन काढलं. कोंबड्यांचं खुराडं घासलं, मोरीचं गटार खरवडलं. बी.कॉम. झालेली सून, तिच्या दारात कुणी नाक मुरडता कामा नये.

एकच जागा राहिली. खुराड्यामागं कोंबड्यांच्या पाण्याची दगडी डोण होती, हिरवट, बुळबुळीत. शेजारच्या टोपलीत एक कोंबडी खुडूक बसलेली, अंड्यांवरून हलायला तयार नाही. नूतन खराटा घेऊन वळली तशी सासू, सरूबाई, आडवी आली.

"हितं हात लावायचा न्हाई. बिथरली की अंडी सोडून जाईल ती."

"आत्या, या कोंबड्यांनीच आपल्या अमृतला..."

"कुणी सांगितलं? कोंबडीनं?"

दोन वर्षांचा अमृत गेल्या महिन्यात तापानं फणफणला होता. जुलाब थांबेनात, डोळे खोल गेले. दवाखान्यात तपासणीत नाव निघालं: साल्मोनेला, कोंबड्यांतूनही पसरणारा जंतू. औषधानं पोर सावरलं, नूतन मात्र सावरली नव्हती. झोपेत त्याच्या कपाळाला हात लाव, नाकाशी बोट धरून श्वास बघ, असं चाललेलं. पासली गावातल्या त्या घरात तिनं सरळ सांगून टाकलं होतं, "एक तर कोंबड्या राहतील, नाहीतर मी आणि अमृत." सरूबाईनं तेव्हापासून तिच्याशी मोजकंच बोलणं ठेवलं होतं.

प्रेरणा मॅडम आल्या, अंगणात पाय टाकला आणि थबकल्या. वास घेतला.

"अहो, मी चोर शोधायला आले, आणि तुम्ही ठसेच पुसून टाकलेत की!"

नूतनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दवाखान्यात अमृतच्या शौचातले जंतू राखून ठेवले होते. ते कुठून आले हे बघायला मॅडमना घरातली घाण जशीच्या तशी हवी होती. कोंबड्यांची ताजी शीट घेता येईल, पण तिच्यात जंतू दर वेळी सापडतात असं नाही. शिवाय त्यांना आणखी काही हवं होतं.

"जंतूंना मारणारे त्यांच्याहून बारीक जीव असतात. गटारात, साचल्या पाण्यात राहतात. त्यांना फाज म्हणतात."

"फौज?" सरूबाईनं कान पुढं केला.

"फाज, आजी."

"तेच की. फौज." आणि सुनेकडं न बघता ती म्हणाली, "फौज पायजे तर मागं चला. हिच्या फिनाईलातनं एक डोण वाचलीया."

खुडूक कोंबडीनं मॅडमच्या मनगटाला चोच मारली. सरूबाईनं तिला पदरात गुंडाळलं, आणि मॅडमनी डोणीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं.

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला, "या दोघी. बघण्यासारखं आहे." अमृतला कडेवर घेऊन दोघी एस.टी.नं पुण्याला गेल्या. प्रयोगशाळेत आत सोडेनात. काचेच्या खिडकीपलीकडं मॅडम हातमोजे घालून उभ्या, अलीकडं या दोघी, मधे मोबाईलचा स्पीकर.

मॅडमनी दोन बंद थाळ्या काचेला टेकवल्या. दोन्हीत दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर.

"डावीकडं अमृतच्या पोटातले जंतू. उजवीकडं तुमच्या डोणीतले. दोन्हींवर मी आमच्याकडच्या वेगवेगळ्या फाजचे थेंब सोडले, त्याच क्रमानं. प्रत्येक फाज आपलाच जंतू ओळखतो, दुसऱ्याला शिवत नाही. जिथं त्यानं जंतू मारले, तिथं थर साफ."

नूतननं कपाळ काचेला टेकलं. सायीत मधेमधे स्वच्छ, गोल ठिपके पडले होते. काही जागी होते, काही जागी नव्हते. डावीकडं जिथं, उजवीकडंही तिथंच. एकाच हातानं दोन दारांत रांगोळीचे ठिपके काढावेत तसे.

"म्हणजे एकच," ती पुटपुटली.

"एकच. डोणीतूनच गेले पोटात."

अमृत त्या डोणीत हात बुडवून बसायचा. सरूबाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "काढू मग कोंबड्या. नातवापरीस मोठ्या न्हाईत त्या."

महिनाभर नूतन हेच ऐकायला टपली होती. आता ऐकलं तर ती पुन्हा थाळ्यांकडंच बघू लागली.

"थांबा, अजून एक," मॅडम म्हणाल्या. तिसरी थाळी. पुन्हा अमृतचेच जंतू, पण मधोमध एकच मोठा ठिपका, लख्ख. बोटानं साय टिपून घ्यावी तसा. "हा थेंब आमचा नाही. तुमच्या डोणीतलं पाणी गाळलं. जंतू गाळणीत अडकले, फाज पार गेले. एक फाज जंतूवर उतरतो, आपला जनुकांचा धागा आत सोडतो. मग तो जंतू त्याचीच पिल्लं घडवत बसतो आणि शेवटी फुटतो. पिल्लं पुढच्या जंतूवर."

नूतन काचेला आणखी चिकटली. तिच्या बाळाला ज्यानं मरणाच्या दारात नेलं होतं, त्याचा वैरी त्याच पाण्यात, त्याच शेवाळात, कुणी न बोलावता लढत होता. आणि ती खराटा घेऊन निघाली होती.

"मग त्येच पानी पाजलं असतं पोराला तर?" सरूबाईनं विचारलं.

"नको हो आजी! त्यात जंतूही आहेत. निवडून, शुद्ध करून, पारखून घ्यावं लागतं. असे निवडलेले फाज कोंबड्यांना पाण्यातून देऊन बघायची चाचणी आम्ही सुरू करतोय. गुण येईलच असं आज सांगत नाही. कोंबड्या ठेवल्यात तर पोराच्या नि त्यांच्या मधे जाळी, डोण बदलायची, हात साबणानं, अंडं पूर्ण शिजलेलं. काढल्यात तरी चूक नाही. तुम्ही ठरवा."

सरूबाई सुनेकडं बघत राहिली. नूतन त्या ठिपक्याकडं.

"जाळी कुठं मिळेल, आत्या?" ती म्हणाली. "वेल्ह्यात, का भोरला जावं लागेल?"

जाळी लागली. खुडूक कोंबडीची पिल्लं बाहेर पडली आणि अमृत जाळीला नाक लावून त्यांना हाका मारू लागला. दर हाकेनंतर नूतन त्याचे हात धुवायची. ती भीती काही गेली नव्हती.

मॅडम चाचणीच्या फाजची पहिली बाटली घेऊन आल्या. कोंबड्यांच्या नव्या भांड्यात ओतण्याआधी नूतननं ती उन्हात धरली. निव्वळ पाणी. तरी तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट आवळली, जत्रेची गर्दी मुठीत असल्यासारखी.

"दिसतंय का काई?" सरूबाईनं विचारलं.

"नाही, आत्या."

"मग हायेत," सरूबाई म्हणाली. "ओत बेतानं."