बगळ्याचं शेवटचं पान

बाइंडरच्या दुकानात कागद म्हणून फुकट जात नसे. कापलेल्या कडा, चुकलेली छपाई, जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठी, सगळं तो पोत्यात भरून ठेवी आणि सगळं कुठे ना कुठे लागे. बायको म्हणायची, हा माणूस स्वर्गात गेला तरी दाराशी पडलेला कागद आधी उचलेल आणि मग आत पाऊल टाकेल. हे बोलणं त्याला आवडायचं. तो स्वर्गात जाणार याबद्दल तिला शंका नव्हती, एवढं तरी त्यातून कळायचं.

शंका त्यालाही फारशी नव्हती. चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर बसे, आणि हा माणूस खोटं बोलत नाही असं मंडळीतले सगळे म्हणत. पुस्तक ज्या दिवशी देतो म्हणाला त्या दिवशी देई. या धंद्यात हे नवलच.

त्याची एकुलती एक मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण जेवतानासुद्धा ती एका जागी टिकत नसे. तिला एका जागी बसवलं ते मावशीने दिलेल्या पुस्तकाने. मावशीच्या लहानपणचं, मोठ्या आकाराचं, पानं पिवळी पडलेलं. एका मुलीचा भाऊ शापाने बगळा होतो आणि ती मंत्र शिकत शिकत त्याला शोधत जाते, अशी ती गोष्ट. भिंगरी जिन्यात बसून वाचायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्यावरून उडी मारून जावं लागायचं.

त्याच सुमारास पाळकसाहेबांनी एका रविवारी मुलांच्या पुस्तकांवर उपदेश केला. मंत्रतंत्र आणि चेटूक देवाला वर्ज्य आहे, आणि आपण तेच रंगीत वेष्टनात घालून मुलांच्या उशाशी ठेवतो, असं ते म्हणाले. तळमळीने म्हणाले, माणूस वाईट नव्हता.  घरी आल्या आल्या बाइंडरने भिंगरीकडे पुस्तक मागितलं.

"शेवटचा धडाच राहिलाय, पप्पा," ती म्हणाली. "आणि आपल्या बायबलात समुद्र दुभंगतो, ती जादू नाही का?"

"तो चमत्कार. चमत्कार देव करतो. जादू माणूस करायला जातो, आणि ते खोटं असतं."

भिंगरीने पुस्तक दिलं. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बायको मूग गिळून उभी होती, आणि पुढे कितीतरी दिवस तिने ते गिळलेलेच ठेवले.

पुस्तक जाळून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. पण जन्मभर कागद सांधणाऱ्याचा हात काडी ओढायला धजेना. तेव्हा चर्चची गीतपुस्तकं नव्याने बांधायला दुकानात आली होती. बांधणीत पुस्तकाच्या पाठीला, कण्याच्या आतून, कागदाची पट्टी चिकटवावी लागते, म्हणजे पुस्तक ताठ राहतं. मावशीचं पुस्तक मोठं, गीतपुस्तकं लहान. पान आडवं कापलं की पट्टी कण्यात बरोब्बर बसे. त्याने जादूच्या त्या सगळ्या पुस्तकाच्या पट्ट्या केल्या आणि देवाच्या गाण्यांच्या पाठीला लावून टाकल्या. कागदाचं सार्थक झालं असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तो स्वतःवर खूशही झाला.

मग भिंगरी आजारी पडली. आधी नुसता ताप, मग अंगावर निळे डाग, मग रक्ताच्या तपासण्या. इस्पितळात तिला बरेच दिवस ठेवलं, आणि एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाजूला घेऊन, आता घरी न्या, असं हळू आवाजात सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. जिच्या पायांना कधी चैन नव्हतं ती खिडकीपाशी पडून राहिली. खायला काय हवं विचारलं तर मान हलवायची. एकदाच तिने काही मागितलं.

"बगळा पुन्हा माणूस होतो का, तेवढंच सांगा."

बायकोने मावशीला फोन केला. मावशीला लहानपणी वाचलेलं काहीच आठवेना. दुकानं पालथी घातली. ते पुस्तक छापणं केव्हाच बंद झालं होतं. तेव्हा बाइंडरने बायकोला पट्ट्यांचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग जा आणि काढून आणा."

तो पाळकसाहेबांकडे गेला. गीतपुस्तकं उसवायची परवानगी हवी, पुन्हा सगळी फुकट बांधून देतो, असं म्हणाला आणि कारणही सांगितलं. 

"मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले. "असल्या पुस्तकांतलं एकही वाचलेलं नव्हतं."

मग त्यांनी स्वतःच बाह्या वर केल्या. दिवसभर दोघे चर्चच्या मागच्या खोलीत बसून कणे सोडवत होते. बाइंडर ओल्या फडक्याने खळ भिजवून पट्टी अलगद सोडवी आणि पाळकसाहेब ती बाकावर वाळत घालीत. बाकीचं बाजूला ठेवून त्यांनी शेवटचा धडा जुळवला. ओळीला ओळ लागत गेली. फक्त अगदी शेवटची पट्टी मिळेना. एक गीतपुस्तक मंडळीतल्या एक म्हाताऱ्या आजीबाई लेकीच्या गावी घेऊन गेल्या होत्या, आणि लेकीचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

संध्याकाळी तो भिंगरीच्या उशाशी बसून वाचू लागला. मुलगी तळ्याकाठी पोचते. बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो. तिच्यापाशी एकच मंत्र उरलेला असतो, एकदाच म्हणता येणारा. ती डोळे मिटते आणि म्हणते. तिथे कागद संपला.

"पुढे?" भिंगरी म्हणाली.

बाइंडरने हातातली पट्टी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. त्याच्याने तिला नाही म्हणवलं नाही.

"पुढे बगळ्याचा माणूस झाला. दोघं घरी गेली."

"जादूने?"

"हो. जादूने."

भिंगरी त्याच्याकडे बघत होती. पप्पा खोटं बोलत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं.

"म्हणजे मी पण बरी होणार," ती म्हणाली.

"होणार," तो म्हणाला.

त्या एका शब्दाने घरातल्यांची तोंडं बंद केली. भिंगरी बरं झाल्यावर काय काय करायचं ते सांगत राहिली, सायकल, पोहणं, मावशीकडे जाणं, आणि दोघं हो हो म्हणत राहिली. तिला जवळ घेऊन जे बोलायला हवं होतं ते कोणालाच बोलता येईना. एकदा बायकोने सुरुवात केली तर भिंगरीच घाबरून म्हणाली, "आई, रडू नको ना, मी बरी होणार आहे, पप्पांनी सांगितलंय." आणि एके सकाळी ती गेली. सायकलचा रंग तेवढा ठरायचा राहिला होता.

पुढे काही महिन्यांनी आजीबाई परत आल्या. गीतपुस्तक उसवलंय, बांधून द्या, असं म्हणत त्या दुकानात आल्या, भिंगरीचं ऐकून डोळे पुसले, आणि पुस्तक ठेवून गेल्या. बाइंडरने कणा भिजवला.  पट्टी सुटली तशी ती त्याने उजेडात धरली.

बगळ्याचा माणूस झालाच नव्हता. तो मंत्र मुळी माणूस करण्याचा नव्हताच. त्याने मुलीला फक्त एकदा, थोड्या वेळापुरती, भावाची भाषा कळणार होती. भाऊ म्हणाला, मला आता जायचंय, आणि मला भीती वाटते. बहीण म्हणाली, भिऊ नकोस, जा, तू दिसेनासा होईपर्यंत मी इथंच उभी आहे. मग दोघं पोटभर बोलली आणि बगळा उडाला. खाली बारीक अक्षरात समाप्त असं लिहिलं होतं.

बाइंडरने ते पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या पुस्तकातल्या खोट्याची त्याला एवढी धास्ती होती, त्यात खोटं नव्हतंच. ते त्याने स्वतःच्या तोंडाने घातलं होतं, आणि त्यामुळे त्याची पोर निरोप न घेता, भीती वाटते असंही कोणाला न सांगता गेली होती.

वरच्या मजल्यावरच्या घरातून बायको जेवायला हाक मारत होती. तो पट्टी हातात धरून दुकानाच्या दाराशी उभा राहिला.

"भिऊ नकोस, भिंगरे," तो म्हणाला. "जा. मी इथंच उभा आहे."

ऐकायला दुकानात कोणी नव्हतं.