ह्यांचे हात

“काकू, पण ह्यांना तोंड कुठंय?” स्नेहलनं विचारलं.

मी चार चौकटी काढल्या होत्या. चारींत नुसते हात. ही पोरगी हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी चिखलीत आम्हा सातआठ जणांना चित्रकथा काढायला शिकवते. तिला काय सांगणार? चाकणच्या कंपनीत अठरा वर्षं मी मशीनशेजारी लावायचे तक्ते काढले. पत्रा असा धरा, बोट इथं घालू नका. तक्त्यात तोंड काढायचं नसतं. काढलं की लोक ‘हा कोण’ म्हणून हसत बसतात आणि बोट जायचं तिथं जातं.

आता मात्र मला एक तोंड हवं होतं. माझ्या नवऱ्याचं, ज्योतीरामचं. ते जाऊन दोन वर्षं झाली. भिंतीवरचा फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्याच्याकडं बघून माझ्या सासूबाई, अंबूबाई, एकच म्हणतात, “ह्यो कंपनीचा मानूस हाय. माझा न्हाई.” म्हणून तर एक्कावन्नाव्या वर्षी क्लास लावला. त्या आहेत तोवर घरातला ज्योतीराम त्यांना काढून द्यायचा होता.

नाक जमलं तर डोळे जमेनात. डोळे जमले तर हवालदार दिसायचे. स्नेहल म्हणाली, हातांवरच गोष्ट पुढं न्या, दोन चौकटींच्या मधलं वाचणारा आपलं आपण बघतो. क्लास मी लावायचा आणि काम वाचणाऱ्यानं करायचं, हे काही मला पटलं नाही. तरी पान पुरं केलं. हात डबा पिशवीत घालतात. हात गाडीची सीट पुसतात. हात दाराची कडी काढतात. शेवटच्या चौकटीत दिव्याखाली उघडा तळवा. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करून आले की ते आईपुढं असाच तळवा धरायचे आणि सासूबाई सुईनं पत्र्याची कुसळं काढायच्या. मी सून होऊन आले तरी ते काम त्यांनी मला दिलं नाही.

घरी येऊन पान सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं बोट चौकटींवरून फिरत तळव्यापाशी थांबलं. तिथं शाईचा ठिपका पडला होता, पांढरा रंग लावून झाकायचा राहून गेला होता. अंगठ्यानं त्यांनी तो दाबून पाहिला.

“एक ऱ्हायलंय बघ ह्याच्यात. सुई आन.”

मी आणून दिली. त्यांनी ती तळव्यावर नेली, क्षणभर धरली आणि माझ्या हातात परत दिली.

“आता तूच काढ.”

मी दिवा लावला आणि पान जवळ ओढलं.