पोह्यांच्या भट्टीतला गवई

मित्रांनो, मी एक म्हातारा रातकिडा आहे. म्हातारा म्हटल्यावर हसू नका. तुमच्या लेखी माझं आयुष्य म्हणजे चार दिवसांचा खेळ, पण आमच्यात एवढा टिकलेल्याला आजोबाच म्हणतात. पेणहून वडखळकडे जाताना अब्दुलशेठची पोह्यांची भट्टी लागते. तिच्या विटांच्या फटीत मी जन्मलो, तिथेच वाढलो आणि तिथेच गायलो.

आधी माझं कूळ सांगतो, कारण लोक मला सर्रास झुरळ समजतात आणि चप्पल उचलतात. मी झुरळ नाही हो! नाकतोडा आणि टोळ हे माझे भाऊबंद. सरळ पंखांच्या कीटकांचं आमचं मोठं गोत आहे. त्यात दोन घराणी, एक आखूड मिशांचं आणि एक लांब मिशांचं. नाकतोडा पहिल्या घराण्यातला, मी दुसऱ्या. माझ्या मिशा माझ्या अंगाहून लांब आहेत. अंधारात मी त्यांनीच वाट चाचपतो. सहा पायांपैकी मागचे दोन जाडजूड, उडी मारण्यासाठी. शेपटाशी दोन बारीक काड्या असतात, त्यांना वाऱ्याची झुळूकसुद्धा कळते, म्हणून तर पाल मागून आली तरी मी अजून जिवंत आहे. आमच्या बायकांना मागे सुईसारखी लांब नळी असते. माणसं तिला नांगी समजून किंचाळतात. ती बिचारी मातीत अंडी घालायची नळी. तिने आजवर कुणाला टोचलेलं नाही.

अंड्यातून बाहेर आलो तेव्हा मी दिसायला असाच होतो, फक्त कणीएवढा आणि बिनपंखांचा. अंग वाढलं की कातडीचा अंगरखा तंग व्हायचा. मग तो पाठीवर उसवायचा, बाहेर यायचं आणि तोच खाऊन टाकायचा. आमच्यात काही वाया जात नाही. असे अंगरखे टाकत टाकत शेवटचा टाकला तेव्हा मला पंख फुटले, आणि माझ्या आयुष्याचं सोनं झालं.

कारण मी गळ्याने गात नाही, पंखांनी गातो. उजव्या पंखाखाली कानशीसारखे बारीक दात आहेत. त्यावर डाव्या पंखाची कड घासली की सूर निघतो. गाण्याचा मान आमच्यात फक्त नरांना. माद्या गात नाहीत, पण चांगलं गाणं आणि बेताचं गाणं त्यांना बरोबर कळतं. भट्टी तापली की माझ्या गाण्याचा ठेका वाढतो, थंडी पडली की तो रेंगाळतो. अशी उबदार जागा आणि खाली सांडलेले पोहे, मला आणखी काय हवं होतं? खरं सांगतो, मी फार गर्विष्ठ झालो होतो. भट्टीवरची सगळी माणसं माझं गाणं ऐकायलाच येतात असं मला वाटायचं.

त्या माणसांत सगळ्यात मोठा होता दामू. तो वाडीवरचा कातकरी. त्याचा बाप काळुराम याच भट्टीवर भाजणारा होता, आणि बापाच्या मागे दामू त्या कढईपुढे उभा राहिला. पोहे करायचे म्हणजे भिजवलेलं भात तापलेल्या रेतीत टाकायचं आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने हलवत राहायचं. मग दाणे तडकू लागतात. आधी एखादा, मग चारदोन, मग दाट तडतड. त्या तडतडीचा आवाज जरा बदलला की त्याच क्षणी भात उचलून चाळणीत टाकायचं आणि कुटायच्या यंत्रात सोडायचं. लवकर उचललं तर पोहे जाड आणि कच्चे. उशीर झाला तर करपट. धूर आणि वाफ एवढी असते की डोळ्यांना काही दिसत नाही. हे काम कानाचं.

पण यंदा भाद्रपदापासून घाणे करपू लागले. पेणच्या दुकानदारांनी पोती परत पाठवली. अब्दुलशेठ कपाळाला हात लावून बसला.

दामू म्हणाला, "शेठ, भात खराब हाय. ओलं हाय."

शेठने रोह्याच्या ज्या शेतकऱ्याकडून भात येई त्याला फोन करून खूप सुनावलं आणि दुसरीकडून भात आणलं. तेही करपलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं तेव्हा मला वाटलं होतं. ते दामूबद्दल माझ्या मनात आलं याची आज लाज वाटते.

दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. शेठ कढईजवळ येऊन उभा राहिला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं.

"दामूदादा, तुझ्या बापानं आमच्या भट्टीचं नाव केलं. पन ह्या ऑर्डरीचे पोहे करपले तर माझा इलाज नाय. तो मशीनी इकनारा हितेश गॅसची मशीन लावून द्यायला तयार हाय. मग कढईवर मानूस लागनार नाय."

दामूने मान हलवली. त्याला किती ऐकू गेलं देव जाणे, पण शेठचा चेहरा त्याने वाचला होता.

त्याच संध्याकाळी दामूची मुलगी शीतल दिवाळीच्या सुट्टीला घरी आली. ती रोह्याला वसतिगृहात राहून कॉलेज शिकते. भट्टीच्या मागच्या खोलीत दामू, बायको मंगळी आणि सुट्टीला आली की शीतल, असं तिघांचं घर. चहा झाल्यावर बापलेक भट्टीच्या उबेला येऊन बसले. मी नेमका दामूच्या पायाजवळच्या विटेवर होतो. घरची पोर आली म्हणून मी अगदी जीव तोडून गात होतो.

दामू म्हणाला, "यंदा रातकिडं दिसत नायत गो. सगळी मेली वाटतं. शेतात काय काय औषधं मारतात."

मित्रांनो, माझा असा अपमान कधी झाला नव्हता. मी आणखी जोर लावला. पंख तुटायचे बाकी राहिले.

शीतल हसली. "काय बाबा, मस्करी करता? तुमच्या पायाशी तर बोंबलतोय."

दामू दचकला. मग घाईने म्हणाला, "व्हय व्हय, आयकला," आणि त्याने दाराकडे पाहिलं.

मी दाराकडे नव्हतो. शीतलचं हसू मावळलं. तिने बापाकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. मलाही समजलं. एवढी वर्षं कुटायच्या धडधडत्या यंत्राशेजारी उभं राहून दामूच्या कानातून आधी बारीक आवाज गेले होते. माझा आवाज गेला होता, आणि भाताची तडतडही गेली होती. माझा सगळा गर्व तिथल्या तिथे विरघळला. तो मला हिणवत नव्हता. मी त्याच्या जगातून कधीच निघून गेलो होतो आणि त्याला वाटत होतं मी मेलो.

शीतल त्याच्या पुढ्यात बसली. "बाबा, कवापासून?"

दामूने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. मग म्हणाला, "शेठला सांगू नको गो. कान गेला म्हंजी कढई गेली. मला दुसरं काय येतंय?"

"मी थांबते. कॉलेज बंद करते. दाने तडकले की मी हात वर करीन."

"गप!" दामू एवढ्या मोठ्याने ओरडला की मीसुद्धा थांबलो. "तू कॉलेज सोडलंस तर मी ही भट्टी आजच सोडीन."

मला वाईट वाटलं, पण मी काय करणार? मला एकच काम येतं. मी पुन्हा गाऊ लागलो. तेवढ्यात शीतलने माझ्यावर ओंजळ टाकली. गेलो, असंच मला वाटलं. पण तिने मला हळूच काडेपेटीत ठेवलं आणि ती पेटी बापाच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"ह्याचे कान कुठं असतात ठाव हाय, बाबा? पुढच्या पायांत. गुडघ्याच्या खाली."

हे अगदी खरं आहे. माझ्या पुढच्या पायांवर बारीक पडदे आहेत, तेच माझे कान. कुणी दुसरा गवई गात असला की मी पायांनी ऐकतो. काडेपेटीत मला भीती वाटत होती, पण त्या मुठीची ऊब भट्टीसारखीच होती. जरा धीर आल्यावर मी पंख उचलले आणि गायलो.

दामूची मूठ एकदम स्थिर झाली.

"थरथरतोय," तो हळूच म्हणाला. "शीतल, गातोय गो हा! जिवंत हाय!"

या कढईच्या राजाने माझं गाणं हातात धरलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला सांगायला संकोच नाही, त्या क्षणी मी जसा गायलो तसा कधी कुठल्या मादीसाठीही गायलो नाही.

मला विटेवर सोडून तो पहाटेपर्यंत आत आडवा झाला. भट्टी पेटली तेव्हा मात्र त्याने रोजच्यासारखं कढईकडे कान लावून उभं राहणं सोडलं. झाऱ्याचा लाकडी दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला, टोक रेतीत खुपसलं आणि डोळे मिटले. पहिला घाणा कच्चा उतरला. दुसरा करपला. शीतल दारात ओढणी तोंडाशी धरून उभी होती. तिसऱ्याला दामूने दांडा मुठीत नुसता सैल धरला, जशी रात्री काडेपेटी धरली होती. रेतीत एक दाणा तडकला. त्याच्या अंगठ्याने ते ओळखलं. मग दुसरा तडकला, मग दाट तडकू लागले, आणि दामूने ओरडून भात उचललं. यंत्रातून पांढरेशुभ्र, पातळ पोहे बाहेर आले.

शेठने चिमूट तोंडात टाकली. "हे बघ, भात चांगलं असलं की कसं हुतं!"

दामू हे हसून सोडून देऊ शकला असता. झाकली मूठ तशीच राहिली असती. पण तो म्हणाला, "शेठ, भात कवाच खराब नव्हतं. माझे कान गेलेत. आज हातानं आयकला."

शेठने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "अरे बाबा, मग सांगायचं ना! मी त्या रोहेकराला किती बोललो! आता कुठल्या तोंडानं फोन करू?" आणि जरा थांबून, हाताच्या खुणेने दामूला कळेल असं म्हणाला, "दिवाळी झाली की अलिबागला दवाखान्यात जाऊ. तवर कढई तुझीच."

सुट्टी संपली. रोह्याला जायच्या आधी शीतलने आईला एवढंच सांगितलं, "आई, बाबांना मागून हाक मारू नको. समोर जा."

मंगळी पोहे चाळता चाळता थांबली. गेलं वर्षभर ती मागून हाका मारायची, ओ मिळाली नाही की तोंड फिरवायची आणि मुकाट्याने कामाला लागायची. हल्ली तर तिने हाक मारणंच सोडलं होतं. तिने सूप खाली ठेवलं, कढईला वळसा घातला आणि ती नवऱ्याच्या समोर उभी राहिली.

"मला वाटलं, तुमी माझ्यावर रागावलाव."

दामूने तिचे ओठ नीट पाहिले.

"मला वाटलं, तू बोलायची थांबलीस," तो म्हणाला.

मित्रांनो, आता माझे पंख झिजलेत आणि गाणं बारीक झालंय. माझ्यासाठी एवढंच मागतो, अंधारात मी दिसलो तर चप्पल उचलू नका. आणि तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रुसून बसू नका. चार पावलं चाला, त्याच्या समोर जा, आणि मग बोला.