बेंबीवर पालथा घातलेला पेला

मित्रांनो, कारंजा लाडच्या तांबटाने ठोकून घडवलेला मी पितळेचा पेला. पन्नास वर्षं झाली, काठ जरा चेपलाय. शेलूबाजारजवळच्या एका गावात, वच्छलाबाईंच्या घरी मी नांदलो. कोणाचं पोट दुखलं की लोक म्हणत, 'बेंबी सरकली.' मग वच्छलाबाई बेंबीवर कणकेचा दिवा लावत आणि त्यावर मला पालथा घालत. दिवा विझे, मी पोटाला घट्ट चिकटे. सुटलो की माणूस म्हणे, "बसली!" किती कौतुक व्हायचं माझं!

त्यांचा मुलगा प्रसेनजित फौजेत गेला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या काळ्या पेटीत ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी छावणीतल्या बराकीत त्याच्या बेंबीभोवती दुखू लागलं. अन्न नको झालं, उलटी झाली. दुपारी दुखणं उजवीकडे खाली उतरलं, ताप चढला.

"पीटी चुकवाची म्हून नाटक करून राह्यला काय बे?" शेजारच्या खाटेवरचा भाऊसिंग म्हणाला. तोही रिसोडकडचाच.

"बेंबी सरकली रे. पेटीतला पेला काढ. आईनं त्याच्यासाठीच देला."

"दवाखान्यात चाल ना."

"एवढ्यासाठी? सारी कंपनी हासन मले."

भाऊसिंगने मेणबत्तीचा तुकडा बेंबीवर पेटवून मला पालथा घातला. मी नेहमीसारखी ओढ घेतली आणि प्रसेनजित किंचाळला. तशी किंकाळी मी कधीच ऐकली नव्हती. भाऊसिंगने मला उपटून खिशात कोंबलं आणि त्याला पाठीवर घेऊन तो धावत सुटला.

फौजी डॉक्टरांनी उजवीकडे हलकेच दाबून हात उचलला. हात उचलताना प्रसेनजित जास्त कळवळला. अपेंडिक्स होतं. ऑपरेशन केलं तेव्हा दिसलं, ते आत फुटलेलं होतं. तीन दिवस तो जगेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

बेंबी सरकत नसते, हे मला तिथे डॉक्टरांच्या तोंडून कळलं. मग इतकी वर्षं मी बरी केलेली पोटं? ती आपोआपच बरी झाली असतील. आणि जी झाली नाहीत, ती माणसं?

प्रसेनजित वाचला. मला घेऊन सुट्टीवर आला, आईला टाक्यांचे वण दाखवले, घडलेलं सारं सांगितलं. वच्छलाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

आठवड्याने शेजारच्या ललिताबाई दारात आल्या. "पेला द्या वो. आमच्या निकिताचं पोट दुखून राह्यलं."

"पेला नाई देत. उजवीकडं दुखते काय तिले? उलटी झाली?" ललिताबाईंनी मान डोलावली. "मंग काहून उभ्या राह्यल्या, दवाखान्यात न्याले जीप थांबवा! मी येते संगं."

मित्रांनो, मी पितळ. पोटाच्या आत काय पेटलंय, ते मला दिसत नाही. दुखू लागलं तर मला शोधू नका, डॉक्टरांकडे जा. चिंचेने घासून मला पाणी प्यायला ठेवलंत, तरी मी धन्य झालो.